पहिल्या रांगेतली मुलगी

यंदा गौरी आणायच्या आदल्या दिवशी औषधांच्या दुकानात गेले होते. ह्यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या. काउंटरवर माझ्यापुढे दोघीजणी. पहिलीने आवाज एकदम खाली आणून काहीतरी मागितलं. दुकानदाराने मागच्या फळीवरून एक पाकीट काढलं, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलं आणि विचारलं, ‘‘किती दिवस लांबवायचीय?’’ दुसरीलाही तेच हवं होतं. गौरी जेवायच्या दिवशी ‘अडचण’ नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या! मी नाक मुरडायचं कारण नाही. सासूबाईंच्या धाकाने एकेकाळी मीही त्या घेतल्या आहेत.

गौरी जेवायच्या दिवशी संध्याकाळी घरात हळदीकुंकू होतं. बाहेर गौरींच्या साड्यांचं, फराळाच्या ताटांचं कौतुक चाललेलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि ओट्याशी घुटमळली.

‘‘बाई, एक विचारू? धाकटीला अजून ‘ते’ आलेलं नाही.’’

‘‘किती वर्षांची झाली?’’

‘‘पंधरा पुरी होऊन तीन महिने झाले.’’ मग इकडेतिकडे बघत, ‘‘कुणाला बोलू नका हं. उद्या सोयरिकीच्या वेळी कुणी विषय काढला तर? सासूबाई म्हणतात गप्प बस, एकदा लग्न झालं की सगळं सुरळीत होतं.’’

आता काय म्हणावं? बाहेर देवीपुढे पाळी येऊ नये म्हणून गोळ्या आणि आत ओट्याशी ती येत नाही म्हणून डोळ्यांत पाणी. आली तर लपवायची, नाही आली तर त्याहून लपवायची!

मी तिला म्हटलं, ‘‘उद्या गौरी गेल्या की परवा डॉक्टरकडे जायचं. आणि लग्नाचं नाव काढायचं नाही.’’ एवढ्या करड्या आवाजात बाई कधी बोलत नाहीत, म्हणून ती माझ्याकडे बघतच राहिली. त्या करडेपणामागे एक मुलगी आहे. ती आमच्याच शाळेतली. नाव लिहीत नाही, पण हे सगळं लिहिण्याआधी तिला विचारलं आहे.

प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांगा लागायच्या आणि ती कायम पहिली असायची. पाचवीतही पहिली, दहावीतही पहिली. हुशार, चुणचुणीत, हस्ताक्षर मोत्यासारखं. भूमितीत तेवढी अडायची. आम्ही शिक्षिका लाडाने तिला ‘पिटुकली’ म्हणायचो. गॅदरिंगला बाळकृष्ण करायचा असला की नववीतल्या ह्याच मुलीला उभं करायचो, कारण ती तिसरीतली दिसायची. सगळे हसायचे, तीही हसायची. २००२ साली ती दहावी झाली आणि शाळेतून गेली.

२००५ च्या दिवाळीत ती आईबरोबर घरी आली. एकोणीस वर्षांची झाली होती, पण दिसायला तशीच. आईने सांगितलं, पाळी आलेलीच नाही. सतराव्या वर्षापर्यंत ‘येईल, येईल’ म्हणत वाट बघितली, मग नवस, मग एका वैद्यांचा काढा. शेवटी कुणीतरी मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे रक्तातून गुणसूत्रांची तपासणी झाली. मुलींच्या पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, हिच्या पेशींत एकच होतं. याला टर्नर सिंड्रोम म्हणतात. साधारण दोन ते अडीच हजार मुलींत एकीला हे असतं. उंची खुंटते आणि बीजांडकोश बहुतेकींत लहानपणीच निकामी झालेले असतात. त्यामुळे शरीर वयात येतच नाही. बुद्धीला काही होत नाही. मात्र हृदय आणि मूत्रपिंडात दोष असू शकतो, म्हणून ते तपासून घ्यावे लागतात.

हे सगळं सांगून झाल्यावर आईने पिशवीतून जुनी प्रगतिपुस्तकं काढली. डॉक्टरांनी मागवली होती म्हणे. उंचीच्या रकान्यात आठवीला १२७, नववीला १३०, दहावीला १३३. ती तीन वर्षं तिची वर्गशिक्षिका मीच होते. अक्षर माझं, सही माझी. दर जूनमध्ये भिंतीवरच्या पट्टीशी तिला उभं करून, डोक्यावर पुठ्ठा धरून तो आकडा मीच वाचला होता. तिच्या मागे उभ्या राहणाऱ्या मुली दीडशेच्या पुढे गेल्या होत्या आणि तो आकडाही मीच लिहीत होते.

आई म्हणाली, ‘‘डॉक्टर विचारत होते, शाळेत उंची मोजत नव्हते का?’’

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. मी काय उत्तर देणार? मोजत होतो, पण बघत नव्हतो.

निदान आठव्या-नवव्या वर्षी झालं असतं तर वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनं देता आली असती. त्या काळात ती तिच्या वडिलांना परवडली असती की नाही, हा वेगळा प्रश्न. पण विचार करायची संधी तरी मिळाली असती. एकोणिसाव्या वर्षी ती वेळ बरीचशी टळून गेली होती. अकराव्या-बाराव्या वर्षी थोड्या थोड्या मात्रेने सुरू व्हायला हवं होतं ते इस्ट्रोजेन तिला तेव्हा सुरू झालं. हाडं सशक्त होण्याचा बराचसा काळ हातचा गेला, कारण हाडांची भरणी प्रामुख्याने ह्याच वयात होते आणि तिला इस्ट्रोजेन लागतं.

तेव्हापासून मी हा विषय शिकले. पालकसभेला येणाऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीला खोदून खोदून विचारलं, वाचलं. शिकल्यावर लक्षात आलं की आपण मुळातच एक चूक करतो. मुलगी वयात येणं म्हणजे एक दिवस, असं आपण समजतो. ‘मोठी झाली’, ‘शहाणी झाली’, ‘कावळा शिवला’. ज्या दिवशी डाग दिसला तो दिवस! प्रत्यक्षात तो दिवस म्हणजे तीन-चार वर्षं चाललेल्या कामाचा जवळजवळ शेवट असतो. घर बांधून होत आल्यावर दिवा लागावा तसा.

सुरुवात बहुतेकींत छातीपासून होते. आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान स्तनाग्राखाली एक हुळहुळी गाठ येते, कधी आधी एकाच बाजूला. कितीतरी आया ती बघून घाबरतात. घाबरायचं कारण नाही, ती सुरुवात असते. मग केस येऊ लागतात, घामाचा वास बदलतो, उंची झपाट्याने वाढते, कंबर रुंदावते. पांढरं जाऊ लागतं. आणि छाती वाढू लागल्यापासून साधारण दोन-तीन वर्षांनी पाळी येते. त्यानंतर उंची फार वाढत नाही, सरासरी पाच-सात सेंटिमीटर. म्हणजे पाळी कधी येणार ह्याची वर्दी शरीर दोन-तीन वर्षं आधीपासून देत असतं. वर्दीच येत नसेल, तर पाळीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

माझी डॉक्टर मैत्रीण म्हणते, आयांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली तर दाखवा. तेरा पूर्ण झाली तरी छातीची वाढ सुरूच नाही, तर पंधराची वाट न बघता दाखवा. पंधरा पूर्ण झाली किंवा वाढ सुरू होऊन तीन वर्षं झाली, तरी पाळी नाही, तर दाखवा. आणि एकदा सुरू झालेली पाळी तीन महिने आलीच नाही, तरी दाखवा. मागेपुढे होणं वेगळं. पहिली दोन-तीन वर्षं पाळी एकवीस दिवसांनीही येते, पंचेचाळीस दिवसांनीही येते. ती यंत्रणा अजून हात बसवत असते.

यंत्रणा तरी कशी? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग असतो. तो ठरावीक अंतराने पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो. पिट्युटरी तो बीजांडकोशांपर्यंत पोचवते. बीजांडकोश इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन तयार करतात, त्याने गर्भाशयाचं अस्तर वाढतं आणि झडतं. ह्या चार ठिकाणांपैकी कुठेही निरोप अडला तर पाळी येत नाही. आपण मात्र सगळा दोष ‘पिशवी’ला देऊन मोकळ्या होतो!

निरोप अडण्याची कारणं बरीच आहेत आणि त्यातली पुष्कळशी भीतिदायक नाहीत. काही घरांत सगळेच उशिरा वयात येतात. आईची पाळी सोळाव्या वर्षी, वडिलांना मिसरूड अकरावी-बारावीत, असं असेल तर मुलगीही त्याच वाटेने जाते. थायरॉइड मंदावलं तर पाळी लांबते. मुलगी सुस्त होते, बद्धकोष्ठ होतं, केस गळतात आणि आपण म्हणतो आळशी आहे. प्रोलॅक्टिन हे दूध उतरवणारं संप्रेरक वाढलं तर पाळी थांबते. कधी पिट्युटरीवरच्या लहान गाठीने, तर कधी एखाद्या औषधाने. उलटी थांबवायच्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं. फार क्वचित असंही होतं की वयात येण्याचा निरोपच निघत नाही आणि त्या मुलीला जन्मापासून वासही येत नसतो. फोडणी करपली तरी मुलीला कळत नाही ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची असते, हे मला तरी कुठे माहीत होतं?

मग आपल्या आसपास सर्रास दिसणारं कारण म्हणजे पोटाला न मिळणं. गरिबीने नाही, हौसेने. मैत्रिणीच्या साखरपुड्यासाठी जेवण सोडलेल्या मुली, दहावी-बारावीच्या ताणात चहा-बिस्किटांवर जगणाऱ्या मुली, पहाटे पाच वाजता मैदानावर उतरून पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या आणि घरी आल्यावर अर्ध्या भाकरीवर उठणाऱ्या मुली. जेवढं खर्च होतं तेवढं ताटात येत नसेल, तर मेंदू पहिली काटकसर पाळीवर करतो. खेळाडूंमधल्या ह्या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली वेगळं नावही दिलं. पण आमच्याकडचे एक प्रशिक्षक मुलींना सांगायचे, ‘पाळी बंद झाली म्हणजे सराव चांगला चाललाय.’ अरे बाबा, सराव नाही, हाडं झिजतायत!

आणि पीसीओएस. हा शब्द आता घराघरात पोचलाय. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने न येणं, हनुवटीवर राठ केस, न हटणारी मुरुमं ही त्याची लक्षणं. तो खरा आहे आणि त्याकडे लक्ष द्यायलाच हवं. पण पाळी नुकती सुरू झालेल्या तेरा वर्षांच्या पोरीची सोनोग्राफी करून, ‘गाठी आहेत’ म्हणून घाबरवून सोडणं बरोबर नाही. त्या वयात बीजांडकोशात पुष्कळ बारीक पुटिका दिसणं स्वाभाविक असतं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलंय, की पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये. आणि त्या ‘गाठी’ म्हणजे ट्यूमर नव्हेत, हे तरी मुलीला कुणी सांगायला हवं ना!

संप्रेरकं ठीक असूनही पाळी न येण्याची कारणं असतात, ती इथे एका ओळीत सांगते. एखाद्या मुलीत योनीमार्ग पडद्याने बंद असतो. दर महिन्याला पोट दुखतं, पण बाहेर काही येत नाही. एखादीत गर्भाशय जन्मतःच नसतं. हे तपासल्याशिवाय कळत नाही. आणि पाळी येऊन थांबली असेल तर डॉक्टर लघवीची तपासणीही सांगतात. तेव्हा ‘आमची मुलगी तसली नाही’ म्हणून तावातावाने उठू नका. तो आरोप नसतो, तो नेम असतो.

आता माझा खरा राग. पाळी येत नाही म्हटलं की पाच दिवसांच्या गोळ्या देऊन ती ‘आणायची’ आणि आली की सुटकेचा नि:श्वास टाकायचा, ही पद्धत. ह्या गोळ्या प्रोजेस्टेरॉन जातीच्या. गौरीच्या आदल्या दिवशी कागदात गुंडाळून मिळतात त्याही त्याच जातीच्या. घेत राहिलं तर पाळी थांबते, बंद केलं की येते. त्यात निदान कुठे आहे? डॉक्टरांनी विचारपूर्वक दिल्या तर त्यांचा उपयोग आहेच. पण दुकानातून परस्पर आणून रक्त दिसलं म्हणजे आजार गेला असं मानायचं, हे घड्याळाचा काटा बोटाने फिरवून वेळ झाली म्हणण्यासारखं आहे. थायरॉइड तसंच राहतं, उपासमार तशीच राहते आणि वर्षं निघून जातात.

ह्या सगळ्याच्या मुळाशी काय आहे? मला वाटतं, आपल्याकडे पाळीचा हिशेब कायम लग्नाच्या वहीत मांडला गेला. पूर्वी न्हाण आलं की मुलीला मखरात बसवायचे, गोडधोड खाऊ घालायचे. वरवर किती छान! पण ती वर्दी मुलीच्या तब्येतीची नव्हती, ती सासरसाठी होती. १८९१ साली संमतिवय दहावरून बारा करायचा कायदा आला तेव्हा महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं. लोकमान्य टिळक विरोधात, रा. गो. भांडारकर कायद्याच्या बाजूने. पहिलं न्हाण आणि गर्भाधान ह्यांचा शास्त्रार्थ निघाला, पोथ्या उघडल्या गेल्या. ज्या मुलींबद्दल हे चाललं होतं, त्यांना काय होतंय हे विचारणारे थोडेच. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. मखर गेलं, पण ओट्याशी उभी राहिलेली ती आई अजून ‘सोयरिकीला काय सांगू’ हेच विचारते आहे.

लग्नाने ना थायरॉइड बरं होतं, ना बीजांडकोश जागे होतात. होतं एवढंच, की जी गोष्ट आईने पंधराव्या वर्षी शांतपणे विचारायची, ती सासू बाविसाव्या वर्षी ओरडून विचारते. दोष मुलीच्या माथी.

डॉक्टरकडे जायची भीती मला समजते. लग्न न झालेल्या मुलीला ‘आतून’ तपासतील ही धास्ती असते. बहुतेक वेळा तशी गरज पडत नाही. उंची, वजन, वाढीची लक्षणं बघतात, रक्ताच्या तपासण्या करतात आणि लघवी भरून ठेवून पोटावरून सोनोग्राफी होते. आई बरोबर थांबू शकते. पैशाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी सोय आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला, त्यात मुलामुलींना मोकळेपणी विचारता यावं म्हणून वेगळी क्लिनिकं आहेत. पण तिथे घेऊन जाणारं कुणीतरी लागतं आणि ते आपणच.

शाळेबद्दलही बोलायला हवं, कारण गुन्हा माझा तिथलाच आहे. मासिक पाळीचा धडा सविस्तर येतो तो दहावीच्या विज्ञानात. तोवर वर्गातल्या बहुतेक मुलींना पाळी येऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात आणि जिला आलेली नाही ती खाली मान घालून बसते. पॅडची माहिती द्यायला कंपनीची माणसं येतात, पिशव्या वाटतात. ज्या मुलीला पॅड लागतच नाही, तिने ती पिशवी घरी नेऊन काय करायचं? कपाटात लपवायची आणि मैत्रिणींत खोटी तारीख सांगायची. हे मला त्या पहिल्या रांगेतल्या मुलीने सांगितलं. नववीपासून ती दर महिन्याला खोटं पोट दुखवायची.

परवा गौरीनंतर त्या धाकटीला घेऊन तिची आई खरंच डॉक्टरकडे गेली. मीही सोबत गेले. डॉक्टरांनी मुलीला विचारायच्या आधी आईला विचारलं, ‘‘तुम्हाला कधी आली होती?’’ आई लाजली. म्हणाली, ‘‘सोळा संपता संपता.’’ मुलीची छाती तेराव्या वर्षाच्या सुमाराला वाढू लागलेली, उंची नीट वाढतेय, रक्ताच्या तपासण्या ठीक, सोनोग्राफी ठीक. डॉक्टर म्हणाल्या, घरचीच चाल दिसतेय, सहा महिने वाट बघू, पण सहा महिन्यांनी नक्की यायचं. बाहेर आल्यावर आई म्हणाली, ‘‘म्हणजे उगाचच आलो, बाई.’’

उगाच नाही. वाट बघणं दोन तऱ्हेचं असतं. एक डोळे मिटून, एक डोळे उघडे ठेवून. वीस वर्षांपूर्वीची ती आईही वाटच बघत होती. आणि मीही.

ती मुलगी आज चाळिशीच्या घरात आहे. सहकारी पतपेढीत नोकरी करते, हिशेबात पक्की आहे. संप्रेरकांच्या गोळ्या नेमाने घेते, हृदयाची तपासणी वेळच्या वेळी करते. मागच्या महिन्यात आली होती. मी निवृत्त झाल्याचं तिला माहीत आहे, तरी जाता जाता दारात थांबून विचारलंन, ‘‘बाई, शाळेत अजून उंची मोजतात?’’

मोजतात. मी मुद्दाम जाऊन बघून आले. रकाना तोच आहे. नव्या वर्गशिक्षिकेला एकच विनंती केली, यंदाचा आकडा लिहिताना शेजारी गेल्या वर्षीचा लिहायचा. दोन आकड्यांतली वजाबाकी पाचवीतल्या मुलीलाही येते. ती माझ्याकडून तीन वर्षं राहून गेली.